एकाच साच्याच्या होड्या

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली की मी पिशवी भरतो. शेतात तेव्हा नुसत्या शेंगा उभ्या असतात आणि वारा आला की खुळखुळतात. डांबरी रस्त्याच्या एका अंगाला उडीद-मूग वाळत घातलेला असतो. त्यावरून एसटीचं चाक गेलं की कडकड असा आवाज होतो आणि घरधनीण हातवारे करत ड्रायव्हरच्या नावानं ओरडते. भादव्याचं ऊन मानेला डसतं. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटतो, तेव्हा माणसं अंगातला सदरा सैल करतात आणि मी आभाळाकडे बघतो.

माझ्या पिशवीत एक वही असते. तिच्यात जिल्ह्यातल्या अशा माणसांची नावं आहेत ज्यांच्याकडे शिडाची होडी आहे. फार नाहीत, दोन पानांत संपतात. त्यांच्या दारात जायचं आणि होडी गाडीवर घालून पैनगंगेवर या, म्हणून गळ घालायची, हे माझं या दिवसांतलं काम.

आर्णीला एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराच्या गोदामात अशी एक होडी आहे. तिच्यात त्यानं पाइपांचे तुकडे आणि जुनी पोती भरून ठेवली आहेत. गेल्या आठवड्यात त्याच्यासमोर जाऊन बसलो. मुकुटबनच्या खालच्या अंगाला बंधाऱ्यामागं नदीचं पाणी कसं तुंबलेलं असतं, सगळ्या होड्या कशा एकाच साच्याच्या असतात, हे सांगितलं.

"भेटते काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"अन् लागते काय?"

"होडी आणि एक दिवस."

"मंग तुमाले काय भेटते यातून?"

"मलाही काही नाही."

चहा सांगायला त्याचा हात वर गेला होता. तो तिथूनच खाली आला आणि त्यानं गल्ल्यावरचा कागद सरळ केला. मला त्याचा राग आला नाही. ज्याला काही नको आहे असा माणूस एसटीनं येतो आणि तुमची वस्तू शंभरेक किलोमीटर लांब घेऊन चला म्हणतो, तेव्हा त्याला चहा पाजू नये, असंच मलाही वाटायचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या दारात असाच एक माणूस आला होता.

मी मोजणीदार, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा सरकारी माणूस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. उमेदीची सगळी वर्षं दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभं राहून गेली. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा आणि मध्ये मी, साखळी घेऊन. दोघंही मला चहा पाजायचे आणि दोघांनाही वाटायचं, साहेबानं आधी त्याचा प्यायला असेल. रात्रीतून सरकलेले दगड मी पाहिले आहेत. पायाखाली दाबलेली साखळी पाहिली आहे. नकाशावर मुद्दाम सांडलेला चहासुद्धा. माणूस गोड बोलायला लागला की त्याच्या पायाकडे बघायचं, ही सवय मला नोकरीनं लावली. निवृत्त झालो तेव्हा साखळी कचेरीत जमा केली, सवय तेवढी घरी घेऊन आलो.

नोकरीची शेवटची वर्षं महागाव तालुक्यात गेली. यवतमाळला परतण्याऐवजी आम्ही फुलसावंगीतच घर बांधलं. त्याला एक कारण गावाजवळचं धरण आणि दुसरं कारण, आज मोकळेपणानं सांगतो, दिगंबरभाऊ.

दिगंबरभाऊ शेतकरी. वीसेक एकर रान, कपाशी, सोयाबीन, तूर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण चालण्यात माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एका मोजणीत आमची ओळख झाली. शेजाऱ्याचा धुरा त्यांच्या रानात दीड हात आला होता. ते सिद्ध झाल्यावर ते शेजाऱ्याला म्हणाले, "यंदा पेरलं हाय तुनं, ते काढून घे. मंग सरकव." मी तिथंच मनात नोंद केली, की या माणसाचा काहीतरी डाव असणार.

त्याच सुमारास कुठल्याशा पर्यटनाच्या योजनेत आमच्याकडच्या धरणांवर फायबरच्या लहान होड्या आल्या होत्या. एक शीड, एक सुकाणू, पोटातून खाली सोडायची एक फळी, दोन माणसं बसतील एवढी जागा. शिकवायला कोकणातून एक माणूस आला होता. महिनाभर राहिला आणि आमच्या पाण्याला खारट वास नाही म्हणून हळहळत परत गेला. योजना बारगळली, होड्या विकायला निघाल्या. एक मी घेतली, एक दिगंबरभाऊंनी. त्यांच्या होडीवर लाल पट्टा, माझ्या होडीवर निळा. बाकी सगळं सारखं, कारण साचाच एक.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही पाण्यात. बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर डोकावत असायचे, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसायचे. त्या बाभळींना वळसा घालून भिंतीपाशी परत यायचं, एवढी आमची शर्यत. बघायला कुणी नाही. पाण्यावर बोललेलं लांबपर्यंत ऐकू जातं, म्हणून आम्ही बोलायचोही कमी. शीड ताणलं की दोरीची कुरकूर, होडीच्या पोटाखाली पाण्याची चुळबुळ, आणि लांब कुठल्यातरी शेतात पाखरं हाकलायला वाजवलेला डबा.

दिगंबरभाऊ जिंकायचे. दर रविवारी.

एकाच साच्यातल्या दोन होड्या, एकच वारा, एकच पाणी, मग एक पुढं आणि एक मागं का? शेतीत राबलेला माणूस अंगानं काटक असतो, त्याला वारा कातडीवर कळतो, हे उत्तर माझ्यासमोरच होतं. पण मोजणीदाराला समोरचं उत्तर पटत नाही. मला वाटायला लागलं, त्यांची होडी हलकी असणार. त्यांनी खालून घासली असणार. काहीतरी काढलं असणार. एकदा ते यवतमाळला कापूस घेऊन गेल्याचं कळलं, तसा मी भर दुपारी धरणावर गेलो आणि त्यांच्या होडीला टेप लावून आलो. लांबी, रुंदी, फळीची जाडी. सगळं माझ्यासारखंच निघालं. त्यानं माझी शंका गेली नाही, वाढली. इतकं सारखं कसं?

मग मी जे केलं ते लिहायला इतकी वर्षं लागली.

या होड्यांच्या दोन्ही टोकांना झाकणाखाली थर्माकोलचे मोठे ठोकळे असतात. होडी उलटली, आत पाणी भरलं, तरी तिनं बुडू नये म्हणून. आमच्या होड्या जुन्या. ते ठोकळे पाणी पिऊन जड झाले होते. मी माझे दोन्ही काढले आणि घरी नेऊन गच्चीवर टाकले. झाकणं परत लावली. वरून काही कळत नव्हतं. होडी पाण्यावर अशी उचलली गेली, की मला वाटलं आता न्याय झाला. समोरच्यानं काहीतरी काढलंच आहे, तर मी काढलं यात वावगं काय? ज्याचा पुरावा मिळाला नव्हता अशा गुन्ह्याची मी स्वतःलाच भरपाई देत होतो.

अंगात घालायची तरंगणारी जॅकेटं होड्यांबरोबर मिळाली होती. ती उंदरांनी केव्हाच कुरतडली होती. मला पोहता येतं ते विहिरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत.

माझी बायको सुनंदा, तिनं गच्चीवर ते ठोकळे पाहिले. "हे काय आणलंत?" म्हणाली. मी म्हटलं, जुनं सामान. तिनं दोन दिवस ते उन्हात वाळवले आणि त्यांच्यावर मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या.

त्यानंतर एक गोष्ट झाली. वारा मंद असला की दिगंबरभाऊ पूर्वीसारखेच जिंकायचे. पण वारा जोराचा असला, पाण्यावर पांढरे तुरे उठले, की मी जिंकायला लागलो. पहिल्यांदा जिंकलो तेव्हा घरी पेढे नेले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तसंच झालं. जोराच्या वाऱ्यात ते माझ्या मागं, दहा-बारा हात अंतर ठेवून, काही केल्या पुढं येत नसत. आधी मला वाटलं, ही माझी कला. मग नेहमीची शंका आली. हा माणूस मुद्दाम हरतोय. पण कशासाठी? मोठा काहीतरी डाव असल्याशिवाय कुणी इतक्या वेळा हरत नाही.

"आज दमलात वाटतं," मी एकदा काठावर म्हटलं.

"हो जी, वारा लय होता," ते म्हणाले आणि शीड गुंडाळायला लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. न बघणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी शेकडो धुऱ्यांवर पाहिलेलं.

तीन वर्षांपूर्वीच्या भादव्यात राजन्ना मास्तर आले. मुकुटबनजवळच्या एका खेड्यातले, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उंच, सुकलेले, खांद्याला कापडी पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ. त्यांची मराठी आमच्यासारखीच, मधूनच हिंदी आणि थोडा तेलुगू हेल, कारण त्यांच्या गावासमोरचा नदीचा काठ तेलंगणाचा. माझ्या व्हरांड्यात बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि मला आणि दिगंबरभाऊंना सांगितलं, की त्यांच्याकडेही त्याच साच्याच्या होड्या आहेत, पाच.

"एकाच साच्याच्या होड्या असल्या का शर्यतीत होडी नाही पळत साहेब, आदमी पळते. तुमी दोघं या. सात होतीन."

"बक्षीस?"

"नाई."

"भरायचं काय?"

"कुछ नाई. राहनं माझ्या घरी, जेवन माझ्या घरी."

"मग एवढ्या लांबून तुम्ही आलात कशाला?"

राजन्ना मास्तर हसले. "बारा सालं झाली साहेब, आमी पाचच जन खेळून राह्यलो. कोन कुठं वळनार, कोन कवा खोकलनार, सब मालूम. नवीन मानूस पाह्यजे. आमी कसे आहो ते आमालेच कळून नाई राह्यलं."

असलं कारण मी कचेरीत कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे खरं कारण दुसरंच असणार. होड्या तिथं नेल्या की हे ठेवून घेणार. किंवा नदीवर सवय नसलेल्या माणसांना बोलावून गंमत बघणार. मी होडीची कागदपत्रं कपाटात बंद करून किल्ली खिशात ठेवली. सुनंदा आतून सगळं ऐकत होती. मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या माणसानं बसमध्ये उभं राहून सात तास काढलेत. डाव करणारा बसायची जागा बघतो आधी."

मी नाहीच म्हणणार होतो. पण मास्तर जाता जाता एक वाक्य बोलून गेले होते, "आमी सगळ्या होड्या तोलून घेतो. काट्यावर." आणि हे ऐकून दिगंबरभाऊ गप्प झाले होते, मी बघितलं होतं. आता सापडणार. इतकी वर्षं जे टेपला सापडलं नाही, ते काट्यावर सापडणार. या आनंदात माझ्या स्वतःच्या दोन रिकाम्या कप्प्यांची मला आठवण झाली नाही, असं म्हणालो तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण झालं तसंच. माझं सगळं लक्ष त्यांच्या पायाकडे होतं.

म्हणून गेलो. एका मालवाहू गाडीवर दोन्ही होड्या उपड्या बांधल्या, खाली गवत, वर दोर. महागाव, आर्णी, घाटंजी, पांढरकवडा. दिगंबरभाऊ ड्रायव्हरच्या बाजूला आणि मी खिडकीत. वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर माणसं जमायची. "हे काय होय जी? पुरात नेता काय?" दिगंबरभाऊ प्रत्येकाला सगळं समजावून सांगायचे, अगदी शिडासकट. माझ्या मनात येत होतं, हा माणूस इतका निवांत कसा? पांढरकवड्याच्या पुढं सागाचं रान लागलं. सागाला फुलोरा आलेला, दाट हिरव्यावर फिकट धुकं बसल्यासारखा. ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते, कारण होडीचा दोर कुरकुरला की पापणी हलत होती.

नदी मी नकाशावर शंभर वेळा काढली होती, निळ्या शाईनं, हद्द म्हणून. प्रत्यक्षात ती गढूळ होती आणि तिच्या दोन्ही काठांना कासाचे पांढरे तुरे डोलत होते. पलीकडून कुणीतरी म्हशीला तेलुगूत हाका मारत होतं, आणि म्हैस मराठी काठावर चरत होती. धरणाच्या पाण्याला एक आळस असतो. इथलं पाणी वरून शांत दिसायचं आणि आतून कुठंतरी निघालेलं असायचं. हात बुडवला की कळायचं.

घाटावर तीन बांबूंची तिकाटणी उभी केली होती. तिला कापूस तोलायचा लटकता काटा. शिडं, काठ्या काढून एकेक होडी दोराच्या झोळीत घालून टांगायची आणि राजन्ना मास्तर आकडा मोठ्यानं वाचायचे. त्यांच्या पाच होड्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोच्या. मग लाल पट्ट्याची टांगली.

"अठ्ठ्याहत्तर."

मी पुढं होऊन काटा स्वतः वाचला. अठ्ठ्याहत्तरच होते.

मग माझी टांगली. ती वर जातानाच हलकी गेली. दोर ओढणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"एकोनसत्तर," मास्तर म्हणाले. मग पुन्हा, हळू, "एकोनसत्तर."

त्यांनी होडी खाली घ्यायला लावली, पुढचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मागचं उघडलं, तिथंही घातला. हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"साहेब, यातले ठोकळे?"

"मिळाली तेव्हापासून नव्हतेच," मी म्हणालो.

इतकं पटकन, इतकं सरळ मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. भोवती सहा-सात माणसं. शेजारी दिगंबरभाऊ. आम्ही दोघांनी होड्या बरोबरच घेतल्या होत्या, त्यांच्यासमोरच त्या कोकणच्या माणसानं दोन्हीची झाकणं उघडून ठोकळे दाखवले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आता ते बोलतील, याची वाट बघत मी घाटाच्या पायरीवरचं शेवाळ बघत राहिलो.

"जुन्या होड्या हायेत मास्तर," दिगंबरभाऊ म्हणाले. "कुठं कुठं फिरून आल्या. काय सांगता येते."

मग ते काठानं चालत गेले आणि एका करंजाच्या सावलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं मीही गेलो. त्यांनी खिशातून सुपारी काढून कातरली, अर्धी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"दोन सालं झाली. तुमच्या घरी च्या प्यायले आलतो. वहिनीनं गच्चीवर मोगरा दाखवाले नेलं. ठोकळ्याले तुमच्या होडीचा निळा रंग लागेल होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुमी होडीच इकून टाकली असती. शरमेनं. मी ओळखतो न तुमाले." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "मंग रईवारी मी एकटा काय करू त्या पान्यात? कोनासंग खेळू?"

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. उत्तर मला तोवर कळलं होतं, पण कळलेल्या गोष्टीवर दुसऱ्याची सही घ्यायची, ही माझी जुनी खोड.

"आणि जोराचा वारा असला की तुम्ही मागं राहायचात..."

ते नदीकडे बघत होते. नदीवर वारा धरायला लागला होता, कासाचे तुरे एका बाजूला कलले होते.

"तुमाले पोहता येते थोडंसं. आत ठोकळे नाई. उलटली तं सरळ खाली जाईन. मी पुढं असलो तं मले कसं दिसन? मागून दिसते साहेब. पुढून नाई दिसत."

मला माझ्या पेढ्यांची आठवण झाली. त्यातला एक पेढा यांनाही दिला होता मी. त्यांनी तो तिथंच खाल्ला होता आणि हात धोतराला पुसून 'चांगला हाय' म्हणाले होते.

"मी खेळत नाही," मी म्हणालो. "होडी बांधतो. तुम्ही खेळा, मी बसतो."

"कायले?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दीडशे किलोमीटर कायले आनलं मंग मले? मी त्या मास्तराच्या शबुदावर नाई आलो. होडी काट्यावर चढली का तुमी ते ठोकळे परत लावसान, म्हून आलो. मले सांगता येत नोतं. काट्याले सांगता येते."

म्हणजे डाव होता. इतकी वर्षं मी ज्याचा संशय घेतला तो डाव खरोखरच होता, आणि तो असा होता.

मी उठून मास्तरांकडे गेलो. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की ठोकळे होते, मी काढले. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हां," एवढंच म्हणाले, जणू मी किती वाजले ते सांगितलं होतं. मग ते गावात गेले आणि पाण्याचे रिकामे कॅन घेऊन आले. कॅनांची झाकणं मेण लावून घट्ट बसवली. दोन्ही कप्प्यांत ते कॅन कोंबून दोरानं आवळले. वजन कमी पडत होतं, तेवढी वाळू एका पोत्यात भरून डोलकाठीच्या बुडाशी बांधली. पुन्हा टांगली. अठ्ठ्याहत्तर. मास्तरांनी माझ्या अंगात एक जॅकेट चढवलं आणि त्याचा पट्टा स्वतःच्या हातानं ओढून बघितला.

आता दर वर्षी सोयाबीनच्या दिवसांत मी मास्तरांच्या वतीनं दारोदार फिरतो. गेल्या वर्षी नऊ होड्या आल्या. ठोकळे मी नवे घेतले आणि ते त्यांच्या जागी आहेत. रविवारी जोराच्या वाऱ्यातही दिगंबरभाऊ मला हरवतात, आणि किती अंतरानं, ते सांगत नाही. लोक विचारतात, एकाच साच्याच्या होड्यांमध्ये एवढं काय आहे? मी त्यांना वाऱ्याबद्दल सांगतो, नदीबद्दल सांगतो. खरं सांगत नाही. खरं असं आहे, की होडीला नावं ठेवायची सोय तिथं राहत नाही, आणि ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या पायाकडे बघायची सवय आहे, त्यानं एकदा तरी अशा ठिकाणी जावं जिथं फक्त आपणच उरतो. आर्णीच्या दुकानदाराला हे सांगितलं असतं, तर त्यानं माझ्यासमोरचा पाण्याचा पेलाही उचलून नेला असता.

माझा स्वभाव गेला असंही नाही. मास्तरांचं त्या घाटावर काही जमिनीचं प्रकरण आहे का, हे मी हळूच तपासून आलो आहे. नाही.

त्या पहिल्या शर्यतीत दिगंबरभाऊ दुसरे आले. मी शर्यत पुरी केली नाही.

नदीच्या वरच्या अंगाला एक पिंप नांगरून ठेवलं होतं. तिथपर्यंत प्रवाहाच्या आणि वाऱ्याच्याही विरुद्ध जायचं, म्हणजे या काठाकडून त्या काठाकडे तिरपं-तिरपं, तेलंगणाला शिवून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राला शिवून तेलंगणात. मग पिंपाला वळसा घालून वारा पाठीशी घेत घाटाकडे परत. मास्तरांच्या गटातला एक जण सुरुवातीपासून पुढं होता. दुसरे दिगंबरभाऊ. वारा जोराचा होता, पाण्यावर तुरे होते, आणि ते माझ्या मागं नव्हते. किती वर्षांनी मी त्यांची पाठ जोराच्या वाऱ्यात बघत होतो. होडीबाहेर अंग झोकून ते बसले होते, शीड ताठ, लाल पट्टा पाण्यातून वर उचललेला. हा माणूस असा पळतो, हे मला माहीतच नव्हतं. इतके रविवार त्यानं हे आवरून धरलं होतं.

पिंपाशी ते सफाईनं वळले. मी सहावा पोचलो. वळताना शिडाखालची आडवी काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला झपकन येते, तेव्हा डोकं खाली घालायचं आणि अंग पलीकडे टाकायचं. मी डोकं खाली घातलं. अंग टाकायला उशीर झाला. वाऱ्याचा एक मोठा झोत आला आणि नदी माझ्या अंगावर आली.

पाणी गार होतं, मातीच्या चवीचं. वर आलो तेव्हा काठावरची माणसं ओरडत होती, दोन्ही भाषांत. मासे धरणारा एक जण डोंगा घेऊन माझ्याकडे निघाला होता. होडी उपडी पडली होती आणि तिचं पांढरं पोट पाण्यावर स्थिर होतं. खाली जात नव्हती. मी तिच्यावर दोन्ही हात टाकले, तशी ती जरा दबली आणि पुन्हा वर आली.

मी घाटाच्या दिशेनं बघितलं. लाल पट्ट्याची होडी वारा पाठीशी घेऊन निघाली होती. मागं काय झालं ते त्यांना कळलं नसेल, असं होणं शक्य नाही. पाण्यावर आवाज लांब जातो, आणि काठावर तर गोंगाट उठला होता. मी वाट बघितली. मान वळेल, शीड सैल सुटेल, ते परत फिरतील.

मान वळली नाही. दिगंबरभाऊंनी दोर अजून थोडा सोडला, शीड पुरतं फुगवलं आणि ते पुढच्या होडीच्या मागं लागले. अंतर कमी होत होतं.

मी त्यांना आयुष्यात कधी एकेरी हाक मारली नव्हती. नाकातोंडात गढूळ पाणी, जॅकेटनं गळा दाबलेला, तरी जेवढा आवाज निघेल तेवढा काढून मी ओरडलो,

"जा दिगंबर! बघू नको मागं! जा!"